तुला पुणं दाखवतो

भावानं डाळिंबाचं खोकं स्वतः भरायला घेतलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्याकडे खोकी भरणं हे माझं काम आहे. भवानीनगरच्या जरा पुढं, कालव्याच्या कडेला आमचं रान. ऊस आहेच, पण जीव लागतो तो डाळिंबाला. बागेच्या तोंडाशी पत्र्याची शेड आहे आणि तोड आली की त्या शेडमध्ये माझं राज्य असतं. पाय पोलिओनं लहानपणीच नेले. बसून करायच्या कामात मात्र मला कुणी हरवलेलं नाही. फळ तळहातावर घेतलं की वजन कळतं, अंगठा फिरवला की डाग कळतो. खोकं भरताना सगळे बागायतदार करतात तेच मीही करते. मधला माल खाली घालायचा आणि वरच्या थराला एकसारखी, तांबडीभडक, मोठी फळं लावायची. यात कुणाला फसवणं नसतं. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो वरच्या थराकडं बघतसुद्धा नाही, कडेनं हात घालून तळातलं फळ उपसतो आणि मगच तोंड उघडतो.

त्या दिवशी भाऊ माझ्यासमोर पोतं अंथरून बसला आणि तळापासून वरपर्यंत एकजात मोठा माल लावत गेला. प्रत्येक फळ टॉवेलनं पुसत होता. असं खोकं आम्ही कधी भरतो, तर जिथं आपलं काम अडलंय आणि समोरच्याला नाही म्हणता येऊ नये अशा ठिकाणी द्यायचं असतं तेव्हा. कुणाला नेतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, हाय एक. खोक्याला दोरी बांधून झाल्यावर हात झटकत, माझ्याकडं न बघता त्यानं सांगितलं, “आक्का, रविवारी चल. तुला पुणं दाखवतो.”

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलेलं होतं.

मी सहा-सात वर्षांची असेन. आबा, म्हणजे आमचे वडील, असंच म्हणाले होते, चल, तुला पुणं दाखवतो. नवा फ्रॉक शिवला. एसटीत खिडकीची जागा मिळाली. आबांनी मला खांद्यावर बसवून शनिवारवाड्याची भिंत दाखवली, भेळ खाऊ घातली, फुगा घेऊन दिला. मग एका मोठ्या दगडी इमारतीत नेलं, एका पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या हाती दिलं आणि आलोच म्हणून निघून गेले. तिथं माझ्या पायांवर ऑपरेशनं झाली. मी परत गावी आले तेव्हा गुऱ्हाळं सुरू झाली होती आणि फ्रॉक मला होत नव्हता. त्या ऑपरेशनांमुळंच मी पुढं बुटांना जोडलेले लोखंडी कॅलिपर घालून चालू लागले, हे मला कळतं. आबांचं चुकलं असंही मी म्हणत नाही. पण पुणं दाखवतो म्हटलं की आजही मला आधी ती पांढऱ्या कपड्यातली बाई आठवते.

शिवाय आता शंका यायला कारणंही होती.

कॅलिपर घालून मी चाळीसेक वर्षं चालले. बुटांचा खट्ट-खट्ट आवाज ही माझी ओळख होती. पन्नाशी आली तसं वेगळंच काही सुरू झालं. सकाळी उठतानाच दमलेली असायचे. चांगले म्हणवणारे हातसुद्धा दुखायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, पोलिओ परत आलेला नाही, पण तेव्हा ज्या थोड्या नसा वाचल्या त्यांनी मेलेल्यांचंही काम इतकी वर्षं ओढलं, आता त्या थकल्यात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. उपाय काय, तर दमायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात दमायचं नाही हा सल्ला ऐकून भावजय तिथंच तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं. मग कॅलिपर माळ्यावर गेले आणि चाकांची खुर्ची आली.

खुर्चीचं मला इतकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते हातांचं. अलीकडं उजव्या अंगठ्यात जोर राहत नव्हता, फळ धरता धरता निसटायचं. निसटलं की मी मुद्दाम टाकल्यासारखं करायचे, डागी आहे म्हणायचे. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. शेडमधलं माझं बसणं त्या अंगठ्यावर होतं. ते गेलं तर मग मी घरात कशासाठी? भावजयीचे गुडघे दुखतात, तरी रोज मला तीच उचलते. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात वालचंदनगरचे एक पाहुणे भावाला सांगत होते, पुण्यात अशा लोकांसाठी फार चांगली सोय असते हो, जेवणखाण, डॉक्टर, सगळं एका जागी. भाऊ मान हलवत ऐकत होता. त्याला वाटलं मी जिलबी खाण्यात गुंतलेय.

त्यात भावाच्या मुलीचं वागणं. ती पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. लहानपणी ती आईपेक्षा माझ्याजवळच जास्त असायची, माझ्याच मांडीवर झोपायची. मागच्या खेपेला आली तेव्हा मी डोळे मिटून पडले होते. ही गुपचूप आली, भावजयीच्या शिलाईच्या डब्यातली टेप काढली आणि माझी खुर्ची मापायला लागली. रुंदी घेतली, उंची घेतली, मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि टेप जागेवर ठेवून निघून गेली. मी डोळे उघडले नाहीत. माणसाच्या खुर्चीची मापं कशाला लागतात, याचा मी पुढं कितीतरी दिवस विचार केला.

रविवारी भावजयीनं मला ठेवणीतली साडी नेसवली. पिशवीत आणखी एक साडी, टॉवेल आणि गोळ्यांची डबी घातली. एका दिवसाला दुसरी साडी कशाला म्हटलं तर म्हणाली, असू दे, परवासात लागती. ती आमच्याबरोबर येणार नव्हती, तोडीची माणसं यायची होती. निघताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. ही बाई बाजाराला जाताना निरोप घेत नाही, आणि आज तोंडावरून हात फिरवत होती.

मी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडलं होतं. यात संशयाचा भाग नाही, ही माझी जन्माची सवय. घराबाहेर पडायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नसते. बारामती गेली, मोरगाव गेलं, सासवडला भावानं चहासाठी गाडी थांबवली. मी घोटभरसुद्धा घेतला नाही. दिवेघाट उतरताना मागं डिकीत ते खोकं खुर्चीवर आपटल्याचा आवाज आला, तसा भाऊ गाडी हळू चालवायला लागला. माझी खुर्ची मागं सासवडपर्यंत आदळत होती, तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. मी मनात नोंद केली.

भाची मेट्रोच्या स्टेशनाजवळ उभी होती. गाडी तिथंच लावायची आणि पुढं मेट्रोनं फिरायचं असं दोघांनी ठरवलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. खुर्ची निघाली, मी निघाले, खोकं डिकीतच राहिलं. तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडला. खोकं गाडीत आहे तोवर आपल्याला धोका नाही, असं मी मनाशी धरलं.

आता पुण्याबद्दल सांगते. मला पुणं माहीत होतं ते वॉर्डाच्या छताचं आणि कॅलिपर बनवणाऱ्याच्या वर्कशॉपचं. मेट्रो मी पेपरात बघितली होती. लिफ्टचं दार आपोआप उघडलं, आत खुर्ची वळवायला जागा होती आणि बटणं माझ्या हाताच्या उंचीवर होती. मी बटण दाबलं. वर गेल्यावर गणवेशातला एक माणूस पुढं आला, नमस्कार केला आणि माझ्यासाठी रुंद फाटक उघडलं. इतक्या अदबीनं मला कुणी आत घेतलं की मी आधी बाहेर कुठून पडायचं ते बघून ठेवते.

आणि मग फलाटावरची ती फरशी. आमच्याकडे रस्ता म्हणजे मुरूम, चिखल नाहीतर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे, त्यामुळं खुर्ची दुसऱ्यानंच ढकलायची असते. इथं मी सहज चाकाला हात लावला आणि खुर्ची चालली. थोडा जोर लावला, आणखी पुढं गेली. भाऊ आणि भाची नकाशा बघत उभे होते. मी त्यांच्यापासून दूर जात राहिले, फलाटाच्या मध्यापर्यंत गेले, वळले, परत थोडी पुढं गेले. कुणी मला नेत नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. तेवढ्यात भाची धावत आली आणि म्हणाली, “बघ आत्या, हितं तुला किती सोपं हाय.”

माझा आनंद तिथल्या तिथं विरला. अच्छा, म्हणजे हे असं आहे. आधी पुणं आवडू द्यायचं, मग विचारायचं. फुगा आधीही मिळालाच होता.

डब्यात खुर्चीसाठी वेगळी जागा होती, पट्टा होता. खिडकीतून नदी दिसली, नदीकाठची घरं दिसली, गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. मला ते सगळं बघायचं होतं आणि आवडलेलं दाखवायचं नव्हतं, त्यामुळं मी कपाळाला आठ्या घालून बघितलं. भाऊ सारखा विचारत होता, कसं वाटतंय. मी म्हणाले, बरं हाय.

खाली उतरलो आणि खरं पुणं भेटलं. फुटपाथवर चढायला सुंदर उतार केलेला होता. चढलो. वर चढल्यावर समोर लोखंडी खांब, एकाशेजारी एक, दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून रोवलेले. माणूस आडवा होऊन जाईल, खुर्ची जाणार नाही. परत उतरून रस्त्यानं निघालो. पुढच्या फुटपाथला खांब नव्हते, पण मधोमध विजेची पेटी होती. त्याच्या पुढच्यावर वडापावची गाडी लागली होती आणि तिच्याभोवती माणसं. मला बरं वाटलं. भाचीकडं बघून म्हणाले, लय सोपं हाय की गं हितं. तिनं त्या गाडीच्या कडेला उरलेली जागा वितीनं मोजली.

वितीनं मोजायचं तिला वेडच लागलं होतं. दुकानाचं दार दिसलं की वीत, लिफ्ट दिसली की वीत. मी बघते आहे हे दिसलं की हात मागं घ्यायची.

एका चौकात सिग्नलला थांबलो असताना माझी खुर्ची अचानक पुढं निघाली. मागं वळून बघितलं तर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, चांगले इस्त्रीचे कपडे घातलेले, मला न विचारता ढकलत होते. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. पलीकडं गेल्यावर माझ्या डोक्यावरून भाचीला विचारलं, काय झालं यांना? मी म्हणाले, यांना राग आलाय. ते गृहस्थ दचकले. खुर्ची बोलेल असं त्यांना वाटलं नसावं.

जेवायला एका हॉटेलात गेलो. दाराला दोन पायऱ्या होत्या. दोन वेटरनी आणि भावानं मला खुर्चीसकट उचललं. चांगली माणसं होती, पण उचलताना माझी ठेवणीतली साडी चाकात अडकून फाटली, आणि सगळी गिऱ्हाइकं जेवायची थांबून बघत होती. पिशवीतल्या दुसऱ्या साडीची मला तेव्हा आठवण झाली. भावजयीला हे आधीच सुचलं असेल का, असं क्षणभर वाटलं, पण मी तो विचार झटकून टाकला. आत एका दारावर खुर्चीचं चित्र होतं. इतकं मोठं चित्र बघून मला आशा वाटली. दार उघडलं तर आत बादल्या, खराटे, रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या. वेटर म्हणाला, इकडे कोणी येतच नाही हो. येईल कसं, तुमच्या बादल्या बसल्यात ना आत, असं मी म्हणाले आणि समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. भाची त्या दारापाशी उभी होती. आत उघडतंय की बाहेर, ते दोनदा उघडझाप करून बघत होती.

जेवल्यानंतर एका बागेत गेलो. तिथं वाट चांगली होती, मोठी झाडं होती, बाकांवर म्हातारी माणसं पेपर वाचत होती. पण माझे हात संपले होते. हा थकवा सांगून कळत नाही. झोपून जात नाही, खाऊन जात नाही, कुणीतरी खटका बंद केल्यासारखं सगळं एकदम थांबतं. मी म्हणाले, आता घरी चला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. भाऊ म्हणाला, चल, गाडीकडं जाऊ.

गाडीपाशी पोहोचलो. भावानं डिकी उघडली. खुर्चीसाठी जागा करील म्हणून मी थांबले. त्यानं खोकं बाहेर काढलं, जमिनीवर ठेवलं, टॉवेलनं त्यावरची घाटातली धूळ पुसली, दोरी सारखी केली आणि म्हणाला, “एका ठिकाणी जायचंय. हितंच हाय, जवळ.”

मी दोन्ही चाकांचे ब्रेक लावले. उजवा लागेना, अंगठा साथ देईना, मग तळहातानं दाबला.

“आबांनी शनिवारवाडा दाखवला आन वॉर्डात ठेवलं,” मी म्हणाले. “तू मेट्रो दाखवलीस. आता मला कुठं ठेवणार हायस ते सांग. मग खुर्चीला हात लाव.”

भाऊ खोकं उचलायला वाकला होता, तो तसाच राहिला. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. दिवसभर पोटात धरलेलं सगळं मी बोलून टाकलं. वालचंदनगरच्या पाहुण्यांचं बोलणं, टेप, जादाची साडी, वितीनं मोजणं, हे खोकं. पार्किंगमधला राखणदार लांबून बघत होता. बोलता बोलता मी रडले, आणि रडते आहे याचाही मला राग आला.

भाची माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं माझे गुडघे धरले, त्यांना स्पर्श कळतो, जोर तेवढा नसतो.

“तुला ठेवायला न्हाय आणलं आत्या,” ती म्हणाली. “घर बघायला आणलंय. माझं.”

आमच्याकडे मुलीचं ठरायच्या आधी मुलीकडची वडीलधारी माणसं मुलाचं घर बघून येतात. चुलते, मामा, एखादी जाणती बाई. पाणी कुठलं, स्वयंपाकघर कसं, माणसं कशी, हे बघायचं, चहा घ्यायचा आणि मग शब्द द्यायचा. अशा मंडळींत मी जन्मात कधी गेले नव्हते. माझी जागा दुसरीकडं होती. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं माझे कॅलिपर काढून घेतले होते. आवाज जाऊ नये म्हणून. मी मागच्या खोलीत पोत्यांवर बसून होते, आणि पाहुणे जाईपर्यंत मला उठता येणार नव्हतं. आईचा नाइलाज होता असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर मला त्याचा अजून राग येतो.

भाचीनं सगळं सांगितलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. घर इथलंच, आईवडील असतात. मला सांगितलं असतं तर मी आलेच नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते खरं होतं. मापं तिनं त्या मुलाला दिली होती. ज्या घरात माझ्या आत्याची खुर्ची जात नाही त्या घरात मी राहायला जाणार नाही, असं तिनं त्याला आधीच बजावलं होतं. आणि खोकं? मुलाकडच्यांना वर मोठा आणि खाली मधला माल कसा द्यायचा, असं भाऊ खाली बघत म्हणाला.

मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी घाबरले. मला बघून त्यांनी नकार दिला तर? लग्न ठरवताना घरात असं माणूस आहे म्हटल्यावर लोक काय काय विचारतात, ते मी भिंतीआडून ऐकलेलं आहे. मी म्हणाले, मी गाडीत बसते, तुमी जाऊन या.

भावानं खोक्याची दोरी उगाच परत घट्ट केली. मग म्हणाला, “तुझं बूट गोठ्यात मीच नेऊन ठेवलं व्हतं, आक्का. आई म्हणाली म्हणून. लय जड व्हतं ते.” खोकं त्यानं काखेत घेतलं. “ब्रेक तू काढ. मी हात लावत न्हाय.”

मी काढला.

संशय मात्र गेला नाही, त्यानं फक्त बिऱ्हाड बदललं. आता मी त्या मुलाकडच्यांवर नजर ठेवून होते. त्यांच्या इमारतीत लिफ्टच्या आधी पायऱ्या होत्या आणि त्यांवर फळ्यांचा उतार केलेला होता, वर काथ्या ठोकलेला. लाकडाचा वास ताजा होता. कालपरवा केलेला, मी मनात म्हटलं, म्हणजे उद्या परवा निघणारही. मुलगा खाली उभा होता. त्यानं खुर्चीला हात लावण्याआधी विचारलं, ढकलू का, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबला. हे त्याला भाचीनं शिकवलं असणार.

वर मुलाचे वडील फार गोड बोलत होते. आई शांत, जाड चष्म्याची, मोजकं बोलणारी. पोहे आले, चहा आला. मी पाण्याला हात लावला नाही. मग मुलाच्या वडिलांनी भावाला म्हटलं, या, घर पाहून घ्या. भाऊ जागचा हलला नाही. म्हणाला, “मला काय दाखवता? घर बघायला आक्का आलीय.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकी माणसं एकदम माझ्याकडं बघतात तेव्हा त्यात नेहमी कीव असते, म्हणून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या. यावेळी ते नुसते वाट बघत होते. मी म्हणाले, मला बाथरूम बघायचंय.

मुलाची आई उठली. छोटासा बोळ होता, खुर्ची बरोबर गेली. बाथरूमला दार नव्हतं. नवा पडदा लावलेला होता, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. चौकटीवर आतल्या बाजूला बिजागऱ्यांची भोकं उघडी होती. मी आत गेले, वळले, बाहेर आले. फरशी कोरडी, नळ हाताशी, स्टुल ठेवलेलं, सगळं माझ्या मापाचं. वरचा थर एकदम छान लावला होता. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांमागं भिंतीला टेकवलेलं दार मला दिसलं.

“हे दार परत कधी लावणार?” मी विचारलं.

मुलाचे वडील घाईनं म्हणाले, अहो, लावायचं कशाला, राहू दे की पडदा, तुमच्यासाठीच तर केलंय. भाचीनं ओठ चावला.

“उद्या सकाळी,” मुलाची आई म्हणाली. “सुताराला सांगून ठेवलंय. पडद्याचं बाथरूम मला चालायचं नाही. आणि खरं सांगा, तुम्हालाही चालायचं नाही.”

मी त्या बाईकडं बघत राहिले. दिवसभरात मला भेटलेल्यांपैकी या एकीनंच तळातलं फळ काढून माझ्या हातात दिलं होतं. आणि तिचं खरं होतं. पडद्याआड बसून, कुणी येतंय का म्हणून कान लावणं काय असतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मलाही दार हवंच होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या घरात दाराशिवाय भागवत आले होते.

“मग सुताराला येक सांगा,” मी म्हणाले. “दार आत उघडतंय. ते बाहेर उघडंल असं लावा. खुर्ची आत गेल्यावर आत उघडणारं दार मिटत न्हाय.”

तिनं चौकटीकडं बघितलं, दार मनात उलटं लावून बघितलं असावं, आणि मान हलवली. आणखी काही, तिनं विचारलं.

मी भावाकडं बघितलं. तो बोळाच्या तोंडाशी उभा होता.

“कडी मोठी लावा,” मी म्हणाले. “माझा उजवा अंगठा आता धरत न्हाय. फळंसुदिक सुटत्यात हातातनं.”

“ठाऊक हाय,” भाऊ म्हणाला. “शेडात समदे बघत्यात. तू डागी म्हणून टाकलेली फळं मी रोज परत खोक्यात ठेवतो.”

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. मुलाची आई मात्र अजून माझ्याच उत्तराची वाट बघत होती. घर पसंत आहे का, असं तिनं विचारलं नव्हतं, पण तेच विचारत होती. तो पडदा मी एकदा बाजूला सारून बघितला, परत सोडला. आजच्यापुरता चालण्यासारखा होता.

“बाई,” मी म्हणाले, “आता मला पाणी द्या. मोठ्या पेल्यात द्या.”